नाचायचं आहे, पण गुडघ्यांचं काय?

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या वस्तीत दर वर्षी मंगळागौरीच्या खेळांचं निमित्त करून आम्ही बायकांना एकत्र आणतो. व्रताविषयी आमच्या गटात मतभेद आहेत आणि ते राहतीलच, पण झिम्मा-फुगडी खेळण्यासाठी कुणाच्या नवऱ्याचं आयुष्य वाढवावं लागत नाही, एवढ्यावर आमचं एकमत आहे. तर खेळ सुरू झाले. पोरीसोरींनी रिंगण धरलं आणि चाळिशी ओलांडलेल्या बायका एकेक करून भिंतीला पाठ लावून बसल्या. दोघींनी तर खुर्चीच मागितली. ज्या मावशी एके काळी दारूबंदीच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे चालायच्या, गुत्त्याच्या दारात ज्यांनी रात्रभर ठिय्या दिला होता, त्या म्हणाल्या, "तुम्ही खेळा गं. माझे गुडघे गेले."

गेले! एखादं माणूस गेलं असं सांगावं, तसं त्या म्हणाल्या. आणि त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

पुढच्या बैठकीत आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्तीने सुचवलं की आठवड्यातून दोनदा समाजमंदिरात मोबाइल लावून नाचाचा व्यायाम करू या. "ताई, घरी बऱ्याच जणी करतातच की. दार लावून, आवाज बारीक करून." यावर दोन बाजूंनी विरोध झाला. एकीने म्हटलं, रेशनकार्डाचे अर्ज पडून आहेत, पोटगीच्या केसेस चालू आहेत आणि आपण झुंबा करायचा? हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. दुसरीचं म्हणणं नेमकं उलट टोकाचं. नाचून नाचून आहेत ते गुडघेही जातील, मग बायका आपल्यालाच बोल लावतील. दोघी जुन्या, अनुभवी. त्यामुळे विषय तिथेच थांबला. पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही, कारण दोन्ही आक्षेपांशी माझी स्वतःची गाठ पडलेली होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. बाहेरचं काम बंद, घरातलं काम तिप्पट. लेकीने मोबाइलवर नाचाच्या व्यायामाचा एक व्हिडिओ लावून दिला आणि मी नाचायला लागले. किती वर्षांनी! दहा बाय बाराची खोली, एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, खाली गुळगुळीत टाइल्स आणि मी अनवाणी. पडद्यावरची बाई पंचविशीतली, तिच्यामागे लाकडी जमिनीचा लांबरुंद हॉल. ती उडी मारेल तेव्हा मी उडी मारत होते, ती गिरकी घेईल तेव्हा मी गिरकी घेत होते. पहिला आठवडा स्वर्गसुखाचा. दहाव्या दिवशी डावा गुडघा सुजला. चौदाव्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

पुढे दवाखाने उघडल्यावर एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, वर उजेडात धरला आणि म्हणाले, "झीज आहे. आता वय झालं. नाचबिच बंद करा, मांडी घालून बसू नका, वजन कमी करा." वजन कमी करायचं, पण हलायचं नाही, हे कसं जमवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. इतकी वर्षं बायकांना "प्रश्न विचारा" म्हणून सांगणारी मी, पाकीट घेऊन निमूटपणे घरी आले. नाच बंद केला. सहा महिन्यांत गुडघा बरा तर झाला नाहीच, मांडीही बारीक झाली आणि पाय उचलताना जड वाटायला लागला. पुढे एका आरोग्य-शिबिरात फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाई भेटल्या. त्यांनी पंधरा मिनिटं मला नुसतं खुर्चीवरून उठायला आणि बसायला लावलं, माझे पाय बघितले आणि म्हणाल्या, "तुमचा नाच चुकीचा नव्हता. तयारी नव्हती."

हे वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे. पुढे-मागे वाकायचं हे त्याचं काम. वळणं-फिरणं त्याला फार थोडं जमतं. फिरायचं काम वर खुब्याचं आणि काही प्रमाणात खाली घोट्याचं. खुब्याभोवतीचे स्नायू कमजोर असले किंवा पाऊल जमिनीला चिकटून बसलं, की वरच्याचं आणि खालच्याचं दोघांचंही मधल्याला निस्तरावं लागतं. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखी गुडघ्याची अवस्था आहे. सपाटीवर साधं चालतानासुद्धा प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार गुडघ्यातून जातो, जिन्यावर त्याहून जास्त आणि उडी मारून खाली येताना आणखी जास्त. हा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंनी झेलायचा असतो. ते झेलू शकले नाहीत तर तो थेट सांध्यावर जातो.

आणि ज्याला आपण "गादी झिजली" म्हणतो ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, तिला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि ते पोहोचतं हालचालीमुळे. भार पडला, सुटला, पुन्हा पडला, असं झालं की पाण्यात दाबून सोडलेल्या स्पंजासारखा तो द्रव आतबाहेर होतो. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला कायमचं बसवून ठेवणं हा उपाय नाही. "नाचबिच बंद" हा सल्ला सांगायला सोपा, म्हणून तो दिला जातो. पन्नाशीच्या बाईने नाचायचं बंद केलं तर कुणाचं काय अडतं? तिने स्वयंपाक बंद केला असता तर घरच्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं असतं.

आता पहिल्या आक्षेपाकडे येते. गुडघ्यांचा प्रश्न मध्यमवर्गीय आहे का? मला तर उलटंच दिसतं. आपल्याकडच्या बायकांचे गुडघे नाचून खराब झालेले नाहीत. मोरीत उकिडवं बसून धुणी धुऊन, खाली बसून भाकऱ्या थापून, चार घरच्या फरश्या गुडघ्यांवर पुसून, डोक्यावर हंडा घेऊन चाळीचे जिने चढून, वावरात दिवसभर उकिडव्याने खुरपून ते झिजले आहेत. बीजिंगमधल्या वयस्कर माणसांच्या गुडघ्यांचा एक मोठा अभ्यास आहे. त्यातला २००४ सालचा निष्कर्ष असा, की तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसण्याचा आणि म्हातारपणच्या गुडघ्यांच्या संधिवाताचा संबंध आहे. त्याच अभ्यासात चिनी बायकांमध्ये हा आजार अमेरिकन गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आढळला होता, जरी चिनी बायका अंगाने कितीतरी सडपातळ होत्या. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त दिसतो, हे तर जगभरचं चित्र आहे.

त्यात कामाचे तास मोजा. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि घरकामाला हात लावणारे जे काही पुरुष आहेत ते ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषानेही आपली नऊ मिनिटं वाचवली! या पाच-पाच तासांतला किती वेळ गुडघे मोडून जातो याचा हिशोब कुणी ठेवत नाही. कारखान्यात यंत्र झिजलं तर घसारा धरतात. इथे "वय झालं" म्हणतात.

आणि असा झिजलेला गुडघा घेऊन बाई जेव्हा मोबाइलसमोर उभी राहते, तेव्हा तिला सगळं जग एकच सांगत असतं: वजन कमी कर. वजनाचा आणि गुडघ्याचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. संधिवात असलेल्या वजनदार माणसांवरच्या २००५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. हे थोडंथोडकं नाही. पण वजन उतरायला महिने लागतात आणि मांडीचे स्नायू त्याआधीच बळकट व्हायला लागतात. ज्या बाईला "आधी बारीक हो, मग बघू" असं सांगितलं जातं, ती लाजेपोटी पहिल्याच आठवड्यात अंगाबाहेरच्या उड्या मारते आणि दुसऱ्या आठवड्यात झोपते. लाज ही व्यायामाची फार वाईट शिक्षिका आहे.

नाचाच्या व्यायामाचा जो धंदा आहे त्याने हा धडा एकदा शिकून झालेला आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेत १९८२ साली जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली आणि लाखो बायका आपापल्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर उड्या मारायला लागल्या. बायकांनी घाम गाळणं, दम लागेपर्यंत नाचणं, हे त्या काळी तिथेही नवं होतं, आणि त्यातला मोकळेपणा खराच होता. पण १९८५ साली एरोबिक्सच्या वर्गांच्या पाहण्या झाल्या, तेव्हा शिकवणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणींना दुखापती झाल्याचं दिसलं. सर्वांत जास्त नडग्यांना. कठीण जमीन, अयोग्य पादत्राणं आणि रोजरोजच्या उड्या. त्यानंतर एक पाय कायम जमिनीवर ठेवून करायचे, कमी आदळआपटीचे प्रकार पुढे आले. पुढे १९९० च्या दशकात कोलंबियातल्या काली शहरात बेतो पेरेझ नावाच्या शिक्षकाने, वर्गाची टेप घरी विसरली म्हणून, गाडीतल्या सालसा-मेरेंगेच्या टेपा लावून वर्ग घेतला. त्यातून झुंबा निघाला आणि २००१ साली त्याची कंपनी झाली, असा इतिहास सांगतात. आज त्यातही सावकाशीचे, वयस्कर माणसांसाठीचे वेगळे वर्ग आहेत. चांगला शिक्षक समोर असेल तर तो बघतो, थांबवतो, "तुम्ही उडी मारू नका, नुसतं पाऊल टाका" म्हणतो. मोबाइलमधली बाई आपल्याला बघत नाही. तिला तुमचा पलंग दिसत नाही, तुमची टाइल दिसत नाही, तुम्ही सकाळपासून किती वेळा खाली बसून उठलात हे तिला ठाऊक नाही. तेव्हा बघायचं काम आपल्यालाच करावं लागतं. ते कसं, हे मी जे शिकले त्यातून सांगते.

सुरुवात जमिनीपासून. टाइल किंवा शहाबादी फरशी खालून काहीच झेलत नाही, सगळा दणका परत वर पाठवते. त्यावर अनवाणी उड्या मारू नयेत. सपाट, मऊ तळाचे, टाचेला घट्ट बसणारे बूट असले तर उत्तम. महागडे नकोत, पण सपाता किंवा घरातली रबरी चप्पल अजिबात नको. बूट घ्यायला पैसे नसतील तर अनवाणी नाचा, पण मग उडी वर्ज्य. योगाची चटई बसून करायच्या व्यायामाला ठीक, नाचायला धोक्याची, कारण तिला पाऊल चिकटतं आणि गुडघा पिळवटतो. सतरंजी उलट सरकते. नुकतीच पुसलेली ओली फरशी तर विचारूच नका. आमच्यातल्या एकीचं मनगट त्यातच मोडलं.

मग गिरकी. माझ्या गुडघ्याचा घात बहुधा गिरकीनेच केला. पाऊल जमिनीवर तसंच रोवलेलं आणि कंबर-खांदे गर्रकन वळले, की पिळ्याची सगळी ताकद गुडघ्यातल्या चकत्यांवर आणि अस्थिबंधांवर येते. त्यासाठी टाच उचलायची, चवड्यावर वळायचं, म्हणजे पाऊल, गुडघा आणि पोट सगळं एकाच दिशेला तोंड करून फिरतं. नाहीतर सरळ चार छोटी पावलं टाकून वळायचं. जुन्या बायकांची फुगडी आठवून बघा. पावलं एका जागी रुतलेली नसतात, चवड्यांवर बारीक बारीक पावलं टाकत त्या फिरतात. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, एकमेकींचं बघून आलं. बसफुगडीची गोष्ट वेगळी. उकिडवं बसून उड्या मारण्याइतका भार क्वचितच कशात पडत असेल. ती ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनीच घालावी आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

उडीच्या जागी पाऊल, हा साधा नियम. व्हिडिओत उडी आली की आपण बाजूला पाऊल टाकून हात उंच करायचे. दम तेवढाच लागतो, हे करून बघा. उडी मारायचीच असेल तर खाली येताना आवाज होता कामा नये. मांजर ओट्यावरून उतरतं तसं, आधी चवडा, मग टाच आणि गुडघे थोडे वाकलेले. ताठ पायावर उतरणं आणि उतरताना गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकणं, या दोन गोष्टी सर्वांत घातक. उड्या आणि झटकन वळणं असलेल्या खेळांमध्ये गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुप्पट ते आठपट आढळलं आहे, आणि त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. म्हणून तरुण मैत्रिणींनो, हा विषय फक्त मावशी-काकूंचा समजू नका.

गुडघे आत झुकतात का हे कसं कळायचं? कपाटाच्या आरशासमोर उभं राहून अर्धवट खाली बसल्यासारखं करा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. माझे दोन्ही आत जात होते. इतकी वर्षं मी त्यांच्यावर चालले, पण कधी बघितलंच नव्हतं. आपल्याला आरशात चेहरा आणि कुंकू बघायला शिकवलं आहे, गुडघे नाही. खोल बसकण असलेल्या हालचालीत खुर्चीच्या उंचीपेक्षा खाली जायचं नाही, तेही दुखत नसेल तरच. आणि गाणं लावल्या लावल्या नाचायला लागायचं नाही. पाच ते दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, टाचा उचलणं, खुबे गोल फिरवणं, मग नाच. शेवटीही एकदम थांबून भाजी चिरायला बसू नये. निदान पाणी पिईपर्यंत तरी चालत राहावं.

पण खरी तयारी नाचाच्या बाहेरची आहे, आणि ती स्वयंपाकघरात होऊ शकते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं, दहा वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची आणि हळूहळू उशी काढून टाकायची. उताणं झोपून एक पाय वाकवून दुसरा सरळ ठेवायचा, मांडी आवळून तो वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजून खाली ठेवायचा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. हा खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी, आणि गुडघे आत झुकणाऱ्यांनी हा मुळीच सोडू नये. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहणं तर दूध उतू जायची वाट बघताना होतं. आठवड्यातून तीन वेळा हे केलं तर दीड-दोन महिन्यांत जिन्यावर फरक कळतो. मला सातव्या आठवड्यात कळला. कठडा न धरता उतरले आणि खाली येऊन मागे वळून जिन्याकडे बघितलं.

दुखण्याचंही थोडं समजून घेतलं पाहिजे, कारण आपण बायका एक तर दुखणं अंगावर काढतो नाहीतर घाबरून सगळं सोडतो. नाचल्यावर मांड्या भरून आल्या, दोन दिवस जड वाटलं, तर ते स्नायूंचं आहे, चांगलं आहे. गुडघ्यात थोडी कुरकुर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीसारखं वाटलं, तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी जास्त दुखत असेल तर आपण जास्त केलं, एवढाच अर्थ. पुढच्या वेळी दहा मिनिटं कमी करायची. नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर त्याला भिऊ नये. पण गुडघा टचकन सुजला, वाकवताना मध्येच अडकला, चालताना दगा दिला, पायावर भार घेता येत नसेल, किंवा सांधा गरम, लाल होऊन ताप आला, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि गेलात की विचारा: मी काय करू शकते? "काय बंद करू" हे ते न विचारताही सांगतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. वर जे सांगितलं त्याला काय लागतं? दिवसाची तीस-चाळीस मिनिटं, दोन हात पसरता येतील एवढी जागा, एक जोडी बूट, आणि कुणी हसणार नाही अशी खात्री. यातलं एकही आपल्या बहुतेक मैत्रिणींच्या मालकीचं नाही. बूट मुलाला शाळेसाठी असतात, नवऱ्याला असतात, बाईला क्वचित. जागा आहे, पण त्या जागेत सासरे टीव्ही बघत बसलेले असतात. वेळ आहे, पण तो दुपारी तीनला, सकाळपासून उभं राहून झाल्यावर. मग जेवल्यावर, पोट जड असताना, दार लावून, साडी खोचून, गाऊनमध्ये, घाईघाईने, तयारी न करता नाचलं जातं. घाई सुटली की पहिल्यांदा कापली जाते ती सुरुवातीची दहा मिनिटं. गुडघा दुखावतो तो तिथे. एका मैत्रिणीला तिच्या नवऱ्याने विचारलं, "या वयात कुणाला दाखवायला नाचतेस?" तिने त्या दिवसापासून बंद केलं. बाईचा नाच नेहमी कुणासाठी तरी असला पाहिजे, देवासाठी, नवऱ्यासाठी, नाहीतर पैसे टाकणाऱ्यासाठी. स्वतःच्या मांडीच्या स्नायूंसाठी बाई नाचते, हे अजून लोकांना पचायचं आहे.

मला वाटतं हे सगळं आपल्या कामाच्या आत येतं, बाहेर नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात आरोग्य-शिबिरांतून आपण "आपलं शरीर समजून घेऊ" म्हणालो तेव्हा पाळी, गर्भाशय, गर्भनिरोधकं यांवर बोललो, आणि ते गरजेचंच होतं. पण पाळी गेल्यानंतरची जी पंचवीस-तीस वर्षं बाई जगते, तिच्या त्या वर्षांच्या सांध्यांवर आपण फारसं बोललो नाही. आता तिला सरळ शस्त्रक्रियेची जाहिरात दिसते. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. चांगलं पाऊल होतं. पण ही किंमत सांध्याची. रुग्णालयाचा, भुलीचा, नंतरच्या व्यायामाचा खर्च वेगळा. ज्यांना शस्त्रक्रिया खरोखर लागते त्यांना ती मिळालीच पाहिजे, जेन फोंडानेही आपला गुडघा आणि खुबा बदलून घेतल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. प्रश्न त्या बाईचा आहे, जिला मांडी बळकट करायला कधी कुणी शिकवलंच नाही आणि जी थेट बाम ते ऑपरेशन अशीच उडी मारते.

आमच्या गटात शेवटी ठराव झाला. एकमताने नाही, पण झाला. दर शनिवारी दुपारी चार ते पाच. मोबाइल लावतो, पण व्हिडिओ बघत नाही, नुसती गाणी घेतो. पहिली पंधरा मिनिटं खुर्च्यांचा व्यायाम, मग नाच, आणि एकजण न नाचता सगळ्यांचे पाय बघत उभी राहते; ही पाळी दर शनिवारी बदलते. पहिल्या दिवशी अकराजणी होत्या. रेशनकार्डाचे अर्ज आम्ही नाच संपल्यावर तिथेच भरतो, त्यामुळे पहिल्या आक्षेपवाल्या ताईंची तक्रार कमी झाली आहे. दुसऱ्या अजून दारात उभ्या राहून बघतात. दारूबंदीच्या मावशी खुर्चीत बसून हात करतात आणि उठबस आठ वेळांपर्यंत आली आहे. गेल्या शनिवारी त्यांनी गाणं बदलायला लावलं. म्हणाल्या, हे फार मिळमिळीत आहे.

खुर्च्या सहाच आहेत, त्या कमी पडतात. आणि बूट फक्त चौघींकडे आहेत. तुमच्या गटात असं काही चालत असेल, बुटांचा आणि जागेचा प्रश्न तुम्ही कसा सोडवलात, तर जरूर लिहून कळवा.